पाण्याचा जिना

पाणी उताराकडे धावते, चढ चढत नाही, हे सांगण्यास शाळा लागत नाही. मग पाण्यावर तरंगणारी नाव टेकडी चढून जाते असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल यात नवल ते काय? आमच्या भूगोलाच्या तासास पनामाच्या कालव्याचा पाठ आला म्हणजे दर वर्षी कोणी तरी विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, "सर, एवढे मोठे जहाज डोंगरावर उचलून नेणारे यंत्र असते तरी केवढे?" यंत्र उचलीत नाही, पाणीच उचलते, असे उत्तर दिले म्हणजे तो खाली बसतो खरा, पण त्याचे समाधान झालेले नसते. घंटा होईपर्यंत फळ्यावर काढलेल्या दोन आकृत्यांनी ते होण्यासारखेही नाही. म्हणून या वार्षिकाच्या पानांत तो विषय जरा विस्ताराने मांडावा असे आम्ही योजिले आहे.

पनामाचा कालवा जगप्रसिद्ध आहे, तथापि मुख्य उदाहरण म्हणून आम्ही तो घेत नाही. तेथील सर्व काम यंत्रांच्या साहाय्याने चालते आणि प्रवासी कठड्याशी उभा राहून नुसता पाहतो. ज्यास एखादी गोष्ट मुळापासून समजून घ्यावयाची आहे, त्याने ती आपल्या हातांनी करून पाहावी हे बरे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात डिव्हायझेस नावाचे एक गाव आहे. त्याच्या पश्चिमेस केन नावाची टेकडी असून तेथील उतरणीवर पाण्याच्या २९ पायऱ्या बांधलेल्या आहेत. त्या पायऱ्यांची दारे आजही हातांनीच उघडावी व लावावी लागतात. तेव्हा वाचकांनी आमच्यासह कल्पनेच्या नावेत बसून त्याच वाटेने चलावे.

निघण्यापूर्वी शब्दाचा खुलासा केला पाहिजे. या पायरीस इंग्रजीत लॉक म्हणतात. लॉक म्हणजे कुलूप एवढेच मुलांस ठाऊक असल्यामुळे त्यांचा गोंधळ होतो. मराठी ग्रंथांत त्यास जलपाश असा शब्द योजिलेला आढळतो. तो आम्हांस आवडतो व तोच आम्ही येथे वापरू. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला एक लांबट, खोल, बांधीव हौद. त्याच्या एका अंगाचे पाणी उंच असते, दुसऱ्या अंगाचे सखल. हौदातील पाणी आपल्या इच्छेप्रमाणे उंच पाण्याशी किंवा सखल पाण्याशी सारखे करता येते. सारे रहस्य एवढेच. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आप्त मुंबई बंदरात नोकरीस असतील, त्यांस हे नवीन वाटणार नाही. १९१४ साली अलेक्झांड्रा या नावाने सुरू झालेली आणि आता इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाणारी जी गोदी आहे, तिच्या तोंडाशी असाच एक प्रचंड जलपाश आहे. बाहेर समुद्रास ओहोटी लागली तरी गोदीतील पाणी त्याच्या दारांनी अडवून धरलेले असते, आणि जहाज त्या दारांमधील जागेत थांबून आतबाहेर करते.

ही युक्ती प्रथम कोणास सुचली? युरोपियन लोकांस, असे उत्तर पुष्कळ जण देतील. पण ते खरे नव्हे. इ. स. ९८४ मध्ये चीन देशातील महाकालव्यावर चिआओ वेइ-युए नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने दोन दारांमध्ये पाणी कोंडून नावा चढविण्याची व उतरविण्याची सोय केली. त्यापूर्वी बांधाच्या उतरंडीवरून धान्याने भरलेल्या नावा दोरांनी ओढून नेत असत. त्या ओढाताणीत नावा फुटत, आणि फुटलेल्या नावांतील सरकारी धान्य चोरांच्या हाती लागे. ही चोरी थांबविण्याच्या खटपटीतून जलपाश निघाला. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी इटलीत मिलान शहरी दारांच्या रचनेत एक सुधारणा झाली. तिचे श्रेय लिओनार्दो दा विंची या विख्यात चित्रकारास देतात. ती सुधारणा कोणती, हे आपण दारांपाशी पोचल्यावर पाहू.

आता स्थळाचे वर्णन. टेम्स नदीकाठच्या रेडिंगपासून पश्चिमेस ब्रिस्टलपर्यंत ८७ मैलांचा जो जलमार्ग आहे, त्यास केनेट व एव्हन कालवा म्हणतात. जॉन रेनी या स्कॉटिश स्थापत्यविशारदाने त्याची आखणी केली. १७९४ साली पार्लमेंटाची मंजुरी मिळाली व १८१० साली काम पुरे झाले. सर्वांत शेवटी पुरा झालेला भाग तो हाच, केन टेकडीचा जिना. सुमारे दोन मैलांच्या अंतरात कालव्यास २३७ फूट चढावयाचे होते. डोंगरास वळसा घालून सपाटीने जाण्याजोगी वाट नव्हती. तेव्हा रेनीने टेकडीस सरळ पायऱ्या पाडल्या. पायथ्याशी ७, मधल्या उभ्या चढणीवर अगदी एका रेषेत १६, आणि गावात शिरताना ६, अशी त्यांची विभागणी आहे. ब्रिस्टलच्या बाजूने मोजीत आलेल्या क्रमांकांप्रमाणे पायथ्याच्या जलपाशाचा क्रमांक २२ असून माथ्यावरील जलपाशाचा ५० आहे.

पायथ्याच्या वस्तीस फॉक्सहँगर्स म्हणतात. आपली नाव येथे उभी आहे. ती सात फूट रुंद व साठसत्तर फूट लांब असून अशा नावेस तिकडे अरुंद नाव असेच म्हणतात. पूर्वी ती काठावरून चालणारा घोडा ओढीत असे; आता तीत लहानसे तेलाचे यंत्र असते. जलपाशाची रुंदी सुमारे चौदा फूट असल्यामुळे अशा दोन नावा एकमेकींस खेटून आत मावतात. म्हणून शहाणा नावाडी येथे थोडा वेळ थांबून सोबती शोधतो. त्याचे कारण केवळ गप्पागोष्टी नव्हे, हे पुढे कळेल. आपणांसही एक सोबतीची नाव मिळाली आहे असे समजू.

प्रत्येक नावेतून एकदोन माणसे काठावर उतरतात. त्यांच्या हाती काटकोनात वाकविलेला एक लोखंडी दांडा असतो. त्यास विंडलास म्हणतात; आपण त्यास किल्ली म्हणू, कारण कुलपाची तीच किल्ली होय. प्रथम हौद रिकामा असावा लागतो. रिकामा याचा अर्थ कोरडा असा नव्हे, तर त्यातील पाणी खालच्या पाण्याशी सारखे असावे. खालची दोन दारे उघडी आहेत. दोन्ही नावा शेजारी शेजारी आत शिरल्या. आता आपण एका खोल विहिरीच्या तळाशी आहो. दोन्ही बाजूंस ओल्या, शेवाळलेल्या विटांच्या भिंती डोक्याहून उंच गेल्या आहेत, आणि समोर वरची दारे असून त्यांच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडत आहेत. त्या दारांमागे आपल्याहून आठ फूट उंच पाणी उभे आहे, हा विचार नवख्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

मागची दारे लावावयाची. दारास जोडलेली एक लांब, जाड तुळई काठावर आडवी पसरलेली असते. तिला हातांनी ढकलू नये, पाठ लावून पायांनी जमीन रेटीत मागे मागे जावे. दार ओकच्या लाकडाचे असून त्याचे वजन टनांत मोजावे लागते, तरी दमाने रेटले असता ते चालू लागते. दोन्ही दारे मिटली की ती एका सरळ रेषेत येत नाहीत; त्यांचा कोन होतो, आणि त्या कोनाचे टोक उंच पाण्याच्या दिशेस असते. लिओनार्दोच्या नावावर असलेली सुधारणा ती हीच. वरचे पाणी दारांवर जितके जोराने दाबेल, तितकी ती एकमेकींवर घट्ट बसतात. त्यांस अडसर लागत नाही, कडी लागत नाही. जो शत्रू दार फोडावयास आला, त्यालाच दार दाबून धरण्याच्या कामास लावावे, अशी ही योजना आहे, आणि ती कोणाही विद्यार्थ्यास दोन पुस्तके टेबलावर तिरपी टेकवून करून पाहता येईल.

आता किल्ली घेऊन वरच्या टोकास जावे. तेथे भिंतीच्या पोटातून हौदात येणारे पाण्याचे मार्ग असतात आणि त्यांवर झडपा असतात. झडप वर उचलणाऱ्या दातेरी चाकाच्या आसावर किल्ली बसवावी व फिरवावी. फिरविताना खिटी टकटक वाजत एकेका दातावर पडते. झडप प्रथम अर्धीच उचलावी. पाणी खालून उसळून येते आणि नाव पुढेमागे हेलकावे खाऊ लागते. म्हणून नावेतील माणसाने काठाच्या खुंट्यास वेढलेला दोर हाती धरून ठेवावा. तो दोर पक्का बांधू मात्र नये, कारण नाव वर चढणार आहे. पाणी थोडे चढले, खळबळ कमी झाली, म्हणजे झडप पुरी उघडावी. उघडल्यावर किल्ली काढून घ्यावी. ती तशीच आसावर ठेवून कोणी गप्पा मारीत निघून गेला आणि खिटी निसटली, तर ती इतक्या वेगाने गरगर फिरते की जवळच्या माणसाचा हात मोडावा.

मग थांबावयाचे. ओल्या भिंती हळूहळू खाली जाऊ लागतात. प्रथम गवताची पाती दिसतात, मग काठावरच्या माणसांचे जोडे, मग शेते व आकाश. आपण चढत आहो असे भासतच नाही, जग खाली उतरत आहे असे भासते. नाव कितीही जड असो, तिला उचलण्यास कोणी बोटही लावलेले नसते. हौदातील पाणी वरच्या पाण्याशी अगदी सारखे झाले म्हणजे वरची दारे उघडता येतात. बोट दोन बोटे फरक राहिला तरी एकट्या माणसास ती दाद देत नाहीत. उतावळा प्रवासी त्या वेळी तुळईशी झटापट करतो. जाणता प्रवासी तीवर टेकून उभा राहतो, आणि दार आपण होऊन सैल पडल्याचे त्याच्या पाठीस कळते. नावा बाहेर पडल्या की दारे लावावी, सर्व झडपा पाडाव्या, आणि किल्ली घेऊन पुढच्या पायरीकडे चालू लागावे. एक झाली. आता अठ्ठावीस उरल्या.

पायथ्याच्या सात पायऱ्या एकमेकींपासून दूर दूर आहेत. तेथे वारा खावयास सवड मिळते. आठवीपाशी मान वर केली म्हणजे मात्र छाती दडपते. सोळा जलपाश टेकडीवर एकावर एक असे दिसतात, आणि प्रत्येकाच्या काळ्या तुळया पक्ष्याच्या पंखांप्रमाणे दोहों अंगांस पसरलेल्या असतात. येथे दोन जलपाशांमधील अंतर फार थोडे आहे, आणि त्यामुळे रेनीपुढे एक अडचण उभी राहिली. वरचा हौद भरावयाचा तर पाणी त्याच्या वरच्या टप्प्यातून घ्यावयाचे. टप्पा लहान, तर एक हौद भरताच त्यातील पाणी इतके उतरेल की नावेचे बूड चिखलास लागेल. टप्पा लांब करावा तर जागा नाही. तेव्हा रेनीने टप्पे लांब न करता बाजूस रुंद केले. प्रत्येक दोन जलपाशांमध्ये काठास लागून एक एक तळे खोदले आहे. नाव त्या तळ्यात जात नाही. तेथे केवळ पाणी साठवावयाचे. टेकडीच्या अंगावर एकाखाली एक अशी ही पंधरा तळी पाहिली असता आम्हांस कोकणातील डोंगरउतारावरची पाण्याने भरलेली भातखाचरे आठवतात.

येथेच पाण्याचा हिशेब मांडू. हौदाची लांबी ७२ फूट, रुंदी १४ फूट, आणि पायरीची उंची सरासरीने ८ फूट धरू. गुणाकार केला तर ८,०६४ घनफूट होतात. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे एका पायरीस ठोकळमानाने २ लाख २८ हजार लिटर पाणी लागते. पंधरा लिटरांची एक घागर धरली तर पंधरा हजारांहून अधिक घागरी झाल्या. उन्हाळ्यात ज्यांच्या गावी टँकरची वाट पाहावी लागते, त्या पालकांस हा आकडा नुसता आकडा वाटणार नाही.

मग २९ पायऱ्यांस याच्या २९ पट पाणी लागत असेल काय? वर्गात हा प्रश्न घातला तर बहुतेक हात "होय" म्हणून वर होतील. परंतु तसे नाही. वरच्या जलपाशातून सोडलेले पाणी खालच्या टप्प्यात येते. तेथून ते त्याच्या खालच्या हौदात जाते. तेथून आणखी खाली. एकामागून एक नावा जाऊ लागल्या असता दर खेपेस माथ्यावरून एकच हौद पाणी निघते, आणि तेच पायरी पायरी उतरत पायथ्यास पोचते. हौद सारख्या मापाचे असले म्हणजे झाले. जिना दहा पायऱ्यांचा असो की शंभरांचा, माथ्यास पडणारा खर्च एका हौदाचाच. त्या एका हौदात दोन नावा बसविल्या तर प्रत्येकीच्या वाट्यास निम्माच खर्च येतो. आपण पायथ्याशी सोबती का शोधला, ते आता ध्यानात येईल.

पदार्थविज्ञानाची गोडी असणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता आणखी एक गंमत सांगतो. नाव वर चढून हौदाबाहेर गेली की तिने व्यापलेली जागा भरून काढण्यास वरच्या टप्प्यातील पाणी हौदात येते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे त्या पाण्याचे वजन नावेच्या वजनाइतकेच असते. म्हणजे वीस टनांची नाव चढली तर एका हौदाखेरीज वीस टन पाणी अधिक खाली जाते, आणि तीच नाव उतरू लागली तर हौदात शिरताना वीस टन पाणी वर परत लोटते. चढणाऱ्या नावेने आपल्या भाराइतके पाणी मोजून द्यावयाचे आणि उतरणारीने परत करावयाचे, असा हा चोख व्यवहार आहे. याचे कारण ज्यास स्वतः शोधून काढता येईल, त्यास शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम निराळा शिकवावा लागणार नाही.

एवढ्यात वरून एक नाव उतरताना दिसते. तिला पाहून आपण आपल्या पुढचा हौद घाईने रिकामा करू नये. तो भरलेला असेल तर उतरणाऱ्या नावेस तो तसाच हवा आहे. ती त्यात बसून खाली येईल, आणि तिने रिकामा केलेला हौद आपणांस मिळेल. एकाच पाण्यावर दोघांचे काम झाले. घाई करणाराने तो रिकामा केला, तर उतरणाराने पुन्हा भरावा आणि पंधरा हजार घागरी फुकट जाव्या. तसेच, एखाद्याने मागे झडप अर्धवट उघडी टाकली तर त्याचे स्वतःचे काहीच बिघडत नाही. तो पुढे निघून गेलेला असतो. रात्रभरात वरचा टप्पा आटतो, आणि सकाळी मागून येणाऱ्याची नाव चिखलात रुतते. हे नियम पुस्तकात छापलेले आहेत, पण नवख्यास ते बहुधा काठावरच्या अनोळखी माणसाच्या तोंडूनच कळतात. या जिन्यावर स्वयंसेवक असतात. ते प्रवाशांस मदत करतात आणि पाण्यावर लक्ष ठेवतात.

चढण्यापेक्षा उतरणे सोपे, असा समज असतो. जलपाशात गोष्ट उलट आहे. वरच्या दारांखाली दगडी उंबरठा असतो आणि तो हौदात काही फूट पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली दिसत नाही. पाणी उतरू लागले आणि नावेचा मागचा भाग त्या उंबरठ्यावर असला, तर तो तेथेच टेकतो. पुढचा भाग पाण्याबरोबर खाली खाली जातो. नाव तिरपी होते, पाणी आत शिरते आणि काही मिनिटांत ती बुडते. माणसेही बुडालेली आहेत. यासाठी काठावर उंबरठ्याची मर्यादा पांढऱ्या रेघेने दाखविलेली असते. उतरताना नाव त्या रेघेच्या बरीच पुढे ठेवावी, आणि झडपेपाशी उभ्या असलेल्या माणसाने नावेवरून दृष्टी काढू नये. नाव अडकलीच तर खालच्या झडपा ताबडतोब पाडाव्या व मग वरच्या हळूहळू उघडून पाणी पुन्हा चढवावे. येथे धावाधाव करणारा व ओरडणारा माणूस उपयोगाचा नाही. कोणती झडप आधी व कोणती नंतर, हे ज्याच्या डोक्यात पक्के आहे तोच उपयोगाचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माथ्यावर हे पाणी येते कोठून? नदी माथ्यावर नसते, ती दरीत असते. केनेट व एव्हन कालव्याचा सर्वांत उंच टप्पा डिव्हायझेसच्या पूर्वेस क्रॉफ्टनजवळ असून तो जेमतेम दोन मैल लांब आहे. तेथून दोन्ही बाजूंस नावा उतरतात, म्हणून पाणीही दोन्ही बाजूंस खर्ची पडते. भरवशाचे झरे त्याहून सुमारे ४० फूट खाली होते. तेव्हा वाफेच्या यंत्राने पाणी वर चढविण्यावाचून गत्यंतर नव्हते. बोल्टन व वॉट यांच्या कारखान्यात बनलेले १८१२ सालचे वाफेचे यंत्र क्रॉफ्टन येथे आजही आपल्या मूळ जागी आहे, आणि वर्षातील काही दिवस कोळसा घालून ते चालवितात तेव्हा ते पूर्वीप्रमाणेच कालव्यात पाणी ओतते. एरवी ते काम विजेचे पंप करतात. क्लॅव्हर्टन येथे निराळी तऱ्हा आहे. तेथे एव्हन नदीच्या प्रवाहाने मोठे पाणचक्र फिरे आणि त्याच्या बळाने त्याच नदीचे काही पाणी ४८ फूट उंच कालव्यात चढे. केन टेकडीच्या पायथ्याशी १९९६ साली विजेचे पंप बसविण्यात आले. जिना उतरून गेलेले पाणी ते पुन्हा माथ्यावर नेऊन सोडतात. दिवसाकाठी सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी चढविण्याची त्यांची शक्ती आहे. म्हणजे दर अकरा मिनिटांस एक हौद. जे यंत्र जहाज उचलीत नाही असे आम्ही प्रारंभी सांगितले, ते असे पाण्याच्या पाठीमागे कोठे तरी उभे असते. पनामात ते काम पावसाकडे सोपविलेले आहे. तेथील जहाजे ८५ फूट उंचीवरील गातून जलाशयातून जातात व दर खेपेस त्याचे गोडे पाणी समुद्रास मिळते. त्याच पाणलोटातील जलाशयांतून पनामा शहरास पिण्याचे पाणी मिळते. २०२३ साली पाऊस कमी झाला, जलाशय ओसरला, आणि रोज सोडावयाच्या जहाजांची संख्या कमी करणे भाग पडले. जगाचा व्यापार त्या दिवसांत रांग लावून पावसाची वाट पाहत होता म्हटले तरी चालेल.

सोळा पायऱ्या संपल्या. आता गावाजवळच्या सहा राहिल्या. हात भरून आले आहेत, तेव्हा या जिन्याचा इतिहास थोडक्यात सांगून श्रम हलके करू. जलपाश बांधून होईपर्यंत फॉक्सहँगर्सपासून गावापर्यंत घोड्यांच्या गाड्यांचा लोहमार्ग होता. नावांतील माल उतरवून त्यावरून वर नेत असत. जलपाश झाल्यावर वर्दळ इतकी वाढली की १८२९ साली रात्री नावा सोडण्याकरिता येथे गॅसचे दिवे लाविले. पण हे वैभव फार काळ टिकले नाही. १८४१ साली लंडनपासून ब्रिस्टलपर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि १८५२ साली त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेल्या मालमत्तेचे जे व्हावयाचे तेच झाले. कोणी तो मोडला नाही. त्याची निगा मात्र कमी कमी होत गेली. या जिन्यावरून मालाची शेवटची नाव १९४८ साली गेली. त्यानंतर दारे कुजली, हौदांत झुडपे वाढली, बाजूची तळी कोरडी पडली.

कालवा कायमचा बंद करण्याचे घाटत असता १९५६ साली वीस हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज राणी एलिझाबेथ यांजकडे जलमार्गाने लंडनला नेण्यात आला. त्यात व्यापारी फारसे नव्हते, कारण कालव्यावर व्यापार उरलाच नव्हता. ती आसपासच्या गावांतील माणसे होती. पुढे त्यांनी मंडळ काढले, पैसा जमविला, आणि सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन हौदांतील गाळ उपसला. याला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. फावडे हाती घेणाऱ्यांपैकी कित्येकांस त्यावरून नाव गेलेली पाहावयास मिळाली नाही. ८ ऑगस्ट १९९० रोजी त्याच राणीने डिव्हायझेस येथे येऊन कालवा पुन्हा खुला केला. काम तेव्हाही संपले नाही व आताही संपलेले नाही, कारण ओकचे दार सुमारे पंचवीस वर्षे टिकते. हिवाळ्यात नावांची ये-जा थोडी असते, तेव्हा कोठे ना कोठे हौद उपसून जुने दार काढतात व नवे बसवितात.

सकाळी निघालो होतो. पाचसहा तास लोटले आहेत. हौद पन्नासावा भरत आला. सोबतच्या नावेतील मंडळी आता अनोळखी राहिलेली नाहीत. कोणाची पाठ तुळईस लागावयाची आणि कोणी झडप धरावयाची, हे न बोलता ठरत आहे. दार सैल पडले. दोन्ही नावा बाहेर आल्या. मागे वळून दार लावले, झडपा पाडल्या, त्या पुरत्या पडल्या की नाहीत ते वाकून पाहिले. २३७ फूट खाली फॉक्सहँगर्सची शेते आहेत. पुढे डिव्हायझेसचा धक्का आहे, आणि त्यापुढे पंधरा मैलपर्यंत एकही जलपाश नाही. किल्ली नावेच्या दाराशी खुंटीस अडकवून ठेवावी. उद्या दुपारपर्यंत तिचे काम पडणार नाही.